‘एक्सेल पुरे’ म्हणणाऱ्यांना सोलापुरातून उत्तर

समाजशास्त्र, समाजकार्य शिकणाऱ्या आपल्या मुलांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘सर्वेक्षणाला एक्सेल पुरे. प्रोग्रामिंग इंजिनिअरांचं काम. आकड्यांतून माणूस कळत नाही. आणि आता एआय आहेच.’ तो वाचून मुलं प्रोग्रामिंग शिकायचं टाळतात, म्हणून हे लिहितोय.

एक्सेल पुरे? राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या सरकारी कर्जावरच्या निबंधाचा दाखला सरकारी खर्चात काटकसर करण्याच्या बाजूने जगभर दिला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल फाइल तपासली, तर सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटलेले. चूक कोडमध्येही, म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या सूचनांमध्येही, होते, पण तिथे प्रत्येक पायरी लिहिलेली असते, कुणालाही वाचून पकडता येते. शिवाय एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतल्या व्यक्तींच्या नोंदीच २८ लाखांच्या आसपास आहेत.

आता घरचं बघू. सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगारांचे फॉर्म भरून घेतले, की मातृभाषेच्या रकान्यात ‘तेलुगू’, ‘तेलुगु’, ‘तेलगू’ असं सगळं येतं, आणि मोजणीत एका भाषेच्या तीन होतात. व्यवसायात ‘विड्या वळणाऱ्या’. यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो; डोळ्याला सारखाच दिसतो, संगणकाला निराळा. हाताने हे कुठवर निस्तरणार? पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत दुरुस्तीचे नियम एकदा लिहिले, की पुढच्या वर्षीच्या फॉर्मनाही तेच चालतात, आणि मूळ फाइलला हात लागत नाही.

इंजिनिअरांचं काम म्हणाल, तर आर (R) ही प्रोग्रामिंगची दुसरी भाषा न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी केली, आकडे अभ्यासणाऱ्यांसाठीच.

माणसाचा मुद्दा मात्र मला मोलाचा वाटतो. मजुरी हजार विड्यांवर मिळते, पण त्यातल्या किती बाद ठरवल्या हे बाईंच्या उंबऱ्यावर बसून ऐकल्याशिवाय कळत नाही. ते ऐकलं, की फॉर्ममध्ये नवा रकाना येतो आणि किती घरांत हीच तक्रार आहे ते मोजता येतं. गप्पा आणि कोड एकमेकांच्या आड येत नाहीत.

एआय कोड लिहून देईल. तो बरोबर आहे का हे कोड वाचता येणाऱ्यालाच कळेल. आणि त्या बाईंनी आपलं कर्ज, आजारपण विश्वासाने आपल्याला सांगितलं आहे. ती यादी नावांसकट परक्या सर्व्हरवर चढवायचा आपल्याला हक्क नाही. आर आणि पायथन फुकट आहेत, इंटरनेट बंद ठेवूनही आपल्याच लॅपटॉपवर चालतात.