‘आयपी ६७ छापून फसवता’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या रत्नागिरीच्या बर्फ कारखान्यात कॉम्प्रेसरच्या बेअरिंगचा आवाज ऐकायला आमचा पिझो माइकचा (पिझो म्हणजे वाकला की वीज देणारा पदार्थ) सेन्सर दिवाळीनंतर बसवला. त्यावर आयपी ६७, म्हणजे धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा, छापलेला होता आणि शिमग्याआधीच तो बहिरा झाला. ‘आयपी ६७ छापून लोकांना फसवता, पिझो-बिझो काही टिकत नाही’ असं लिहून तुम्ही एक तारा दिलात.

परत आलेला नग काल मी स्वतः उघडला. आवाज आत जायच्या भोकाभोवती मिठाची पांढरी खपली जमली होती. भोकामागचा पडदा हवा सोडतो आणि पाणी अडवतो. तो तेल लागलेल्या कागदासारखा पारदर्शक झाला होता. पडदा सोलला, मीठ डिस्टिल्ड पाण्याने धुतलं, रात्रभर सुकवलं. सकाळी त्याच माइकने टेबलावरच्या घड्याळाची टिकटिक पकडली.

म्हणजे चिप शाबूत आहे. साध्या कपॅसिटर माइकमध्ये पडदा आणि भोकांची पाटी यांच्यात काही मायक्रॉनची फट असते, तिथे धूळ किंवा थेंब अडकला की काम संपलं. पिझोत ती पाटीच नसते. अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडच्या पातळ पट्ट्या आवाजाने वाकतात आणि त्यातूनच व्होल्टेज निघतं. म्हणूनच तो निवडला, आणि ती निवड मला आजही बरोबर वाटते.

घात झाला तो दारात, म्हणजे भोकावरच्या पडद्यात. आयपी ६७ मधला ७ म्हणजे १ मीटर साध्या पाण्यात अर्धा तास. त्यात ना साबण, ना प्रेशर गन. तुमच्याकडे शेड रोज दोन्ही वापरून धुतात, हे तुमच्या सुपरवायझरनी फोनवर सांगितलं. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, मग ते पडद्यातून झिरपतं. वर खारं पाणी सुकून भोक बुजतं. भोसरीच्या नळाच्या पाण्यात तपासलेला माल किनाऱ्यावर पाठवताना ‘शेड धुता कशी?’ एवढंही आम्ही विचारलं नाही. चूक आमची आहे. फसवायचं मनात नव्हतं, पण भर हंगामात कॉम्प्रेसर बसला असता तर बर्फाविना नावा खोळंबल्या असत्या. तुमचा राग रास्त आहे.

पैसे आजच परत करतो. तुमची तयारी असेल तर बिनभोकाचा सेन्सर आमच्या खर्चाने बसवतो: स्टीलच्या डबीत इपॉक्सीने बंद केलेली पिझो चकती, थेट बेअरिंगच्या हाउसिंगला. ती हवेतला आवाज ऐकत नाही, लोखंडातला कंप ऐकते. फक्त वायरीचा जोड कोरड्या पॅनेलमध्येच घ्यावा लागेल. पिझोचा सिग्नल इतका नाजूक की जोडावर ओलसर मिठाचा पापुद्रा धरला तरी तो तिथेच गळून जातो.

माहितीपत्रकात आयपी ६७ खाली ‘साबण व प्रेशरच्या फवाऱ्यासाठी नाही’ ही ओळ टाकली आहे. पुढच्या आठवड्यात मी येतो. शेड धुवायची वेळ कळवा, फवारा कुठून कुठे जातो ते बघूनच जागा ठरवू.