क्ष-किरणांचा पीळ: दोन आक्षेपांना उत्तर

सस्नेह नमस्कार,

क्ष-किरणांच्या कक्षीय कोनीय संवेगावरील (शलाकेची लहर अक्षाभोवती पीळ घेते तेव्हा तिच्यात येणाऱ्या संवेगावरील) माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. फोटॉनचा कोनीय संवेग अधिक किंवा उणे एक एच-बार (कोनीय संवेगाचे पुंज-एकक) एवढाच असतो, तेव्हा त्याहून मोठ्या संवेगाची भाषा ही शब्दांची कसरत आहे, हा पहिला. अणूच्या मानाने शलाका इतकी रुंद असते की हा संवेग खरा असला तरी क्ष-किरण संशोधनात निरुपयोगी ठरतो, हा दुसरा. पहिला मला मान्य नाही. दुसऱ्यात मात्र बरेच तथ्य आहे.

आपण म्हणता ते ‘अधिक-उणे एक’ हे स्पिनचे, म्हणजे ध्रुवीकरणाशी (लहरीच्या कंपनाच्या दिशेशी) जोडलेले मूल्य आहे. अक्षाभोवती एक फेरी मारताना ज्या शलाकेची कला (लहर आपल्या आवर्तनात कुठवर आली आहे ते) ३६० अंशांच्या पूर्ण पटीत बदलते, तिच्यातील प्रत्येक फोटॉनमागे त्या पटीइतक्या एच-बारचा कक्षीय संवेग असतो, मग ध्रुवीकरण सरळ रेषेतले का असेना, हे नेदरलँड्समधील लायडन येथे ॲलन आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवले. क्ष-किरणांत असा पिळाचा भोवरा २००२ साली पील आणि सहकाऱ्यांनी ९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला प्रत्यक्ष पाहिला. त्यासाठी वापरलेली चकती गोल जिन्यासारखी, कडेकडेने जाड होत जाणारी असते. दृश्य प्रकाशासाठी काचेच्या अशा चकतीची पायरी सुमारे एक मायक्रोमीटर पुरते; क्ष-किरणांची तरंगलांबी हजारो पटींनी लहान असूनही त्यांना प्लास्टिकची पायरी काही दशक मायक्रोमीटर लागते, कारण त्यांच्यासाठी पदार्थाचा अपवर्तनांक एकापासून दशलक्षात काही भागांइतकाच ढळतो. ही उलटी वाटणारी गोष्ट मला आजही थक्क करते.

चकतीवाचूनही भोवरा मिळतो. सर्पिल अंड्युलेटरमधून (इलेक्ट्रॉनांना वळणे देऊन प्रारण काढणाऱ्या चुंबकांच्या रांगेतून) निघणाऱ्या दुसऱ्या हार्मोनिकमध्ये (मूळ वारंवारतेच्या दुप्पट वारंवारतेच्या प्रारणात) एक एच-बार कक्षीय संवेग असावा, हे भाकीत सासाकी व मॅकनल्टी यांनी २००८ साली केले. बर्लिनच्या बेसी-२ या सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून प्रारण मिळवणाऱ्या यंत्रावर) २०१३ साली ९९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या त्या प्रारणाचे दुसऱ्या, सपाट अंड्युलेटरच्या प्रारणाशी व्यतिकरण घडवले, म्हणजे दोन्ही लहरी एकमेकींवर पाडल्या, तेव्हा तीव्रतेच्या नकाशात सर्पिल उमटले. शब्दांच्या कसरतीतून सर्पिल उमटत नाही.

आता दुसरा आक्षेप. लोहाच्या सर्वांत आतल्या कवचाची त्रिज्या सुमारे ०.०२ अँगस्ट्रॉम, आणि मायक्रोमीटरभर रुंद शलाका म्हणजे दहा हजार अँगस्ट्रॉम. एवढ्या चिमुकल्या जागेत इलेक्ट्रॉनला कलेचा पीळ जवळजवळ जाणवत नाही, आणि नेहमीचे द्विध्रुव संक्रमण (अणू फोटॉन शोषतो तो सर्वसाधारण मार्ग) तर त्याकडे पाहतच नाही. तरीही परिणाम शून्य नाही: रुक्सेल आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या कामात लोहाच्या के-कडेजवळ (सर्वांत आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन सुटू लागतो त्या ऊर्जेजवळ), एका कायरल (डावे-उजवे रूप असलेल्या) लोह-संयुगाच्या भुकटीत, डाव्या व उजव्या पिळाच्या शलाकांचे शोषण वेगवेगळे आढळले.

पण माझ्या मते या संवेगाचे खरे घर शोषणात नसून प्रकीर्णनात (किरण नमुन्यावरून विखुरण्यात) आहे, कारण तेथे नमुन्याचा मोठा भाग एकदम, कलेसह, बोलतो. नॅनोचुंबकांच्या कृत्रिम जाळीत मुद्दाम एक विस्थापन-दोष (मध्येच संपणारी जादा रांग) ठेवला, की प्रकीर्णित क्ष-किरणांत कक्षीय संवेग येतो. आणि त्यातला चुंबकीय रचनेतून येणारा भाग तापमानाने किंवा चुंबकीय क्षेत्राने चालू-बंद करता येतो, हे २०२१ साली दाखवले गेले आहे.

म्हणून ‘पिळाची शलाका प्रत्येक अणूला आपला संवेग देते’ हे लेखातील माझे वाक्य मी मागे घेतो. मूळ लेखात त्या जागी आता ‘हा संवेग संपूर्ण शलाकेच्या रचनेचा आहे, आणि त्याच मापाच्या रचनेलाच तो ठळकपणे जाणवतो’ असे लिहिले आहे.