अल्पखर्ची दिग्दर्शकास चार हिताच्या गोष्टी

आपण स्वतंत्र चित्रपट काढायचे ठरवले आहे, याबद्दल प्रथम अभिनंदन. येथे 'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थ 'ज्याला कोणीही पैसे दिलेले नाहीत असा' एवढाच आहे, हे आपण जाणताच. मात्र त्याची लाज बाळगू नये. रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनी पहिला चित्रपट सुमारे ७,००० डॉलरमध्ये काढला आणि त्यातले काही पैसे औषधाच्या चाचणीसाठी स्वतःचा देह संशोधकांच्या हवाली करून मिळवले, ही कथा भेटेल त्याला सांगत सुटावे. पुढे तोच चित्रपट चित्रपटगृहांत आणताना स्टुडिओने त्याच्या कित्येक पट रक्कम ओतली, हा भाग गाळावा. तो ऐकून समोरच्याचा उत्साह मावळतो आणि उसनवारी बंद होते.

पटकथा आपणच लिहावी, कारण दुसरा लेखक मानधन मागतो. दोन पात्रे आणि एक खोली पुरे. संहितेत 'युद्ध पेटते' असे आले असेल, तर ते खोडून 'युद्ध पेटल्याचे रेडिओवर ऐकू येते' असे करावे. उद्या एखाद्या समीक्षकाने याला संयत शैली म्हटले, तर नम्रपणे मान तुकवावी.

तंत्रज्ञ म्हणून मित्रांना बोलवावे आणि त्यांना मानधनाऐवजी नफ्यात वाटा द्यावा. शून्याचे दहा टक्के देताना हात आखडता घेण्याचे काहीच कारण नाही. सगळे नोकरदार असल्याने चित्रीकरण सुट्टीच्या दिवशीच होईल. ख्रिस्तोफर नोलन यांचा पहिला चित्रपट असाच शनिवारी-शनिवारी वर्षभर चित्रित झाला, हा दाखला तोंडपाठ असावा. नायकाने मधल्या आठवड्यात दाढी काढली, तर हा दाखला उपयोगी पडत नाही, एवढेच.

आता ध्वनीविषयी. अंधुक चित्र प्रेक्षक कलात्मक म्हणून खपवून घेतो, ऐकू न येणारा संवाद मात्र कधीच नाही. म्हणून जाणकार मंडळी ज्याच्या घरी चित्रीकरण असेल, त्याचा फ्रिज बंद करतात आणि आपल्या गाडीची किल्ली त्यातच ठेवतात, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय घरी जाता येत नाही. युक्ती नामी आहे. मी ती तंतोतंत पाळली, परंतु त्या दिवशी बसने आलो होतो, त्यामुळे किल्ली घराची ठेवली, आणि घरी बहीण असल्याने दार आतून उघडले गेले. मित्राचे दूध, भाजी आणि आईसाठी आणलेली इंजेक्शने यांचे काय झाले, ते सांगत नाही.

चित्रपट पुरा झाला की महोत्सवांचे प्रवेशशुल्क भरण्याच्या दीर्घ पर्वाला आरंभ होतो. 'यंदा विक्रमी संख्येने प्रवेशिका आल्या' असे नकारपत्र आल्यास त्या विक्रमात आपलाही वाटा आहे, याचे समाधान मानावे. एखाद्या महोत्सवाने निवडलेच, तर पोस्टरवर निवडीची खूण म्हणून पानांची नक्षी छापावी आणि पुढच्या निवडीसाठी नायकाच्या कपाळावर जागा राखून ठेवावी. पोट मात्र इतरांच्या संहिता निनावी दुरुस्त करूनच भरावे लागेल. तेथे पैसे मिळतात, म्हणून त्याला कारकीर्द म्हणायचे नसते.

पहिल्या जाहीर खेळाला त्या फ्रिजवाल्या मित्राला अवश्य बोलवावे. माझा आला होता. शेवटच्या रांगेत बसला, अखेरपर्यंत थांबला आणि दिवे लागल्यावर म्हणाला, "दुसऱ्या प्रसंगात फ्रिजची घरघर ऐकू येते."