बायकोला कर्जात लोटा, पत मिळवा

तुमच्या सौभाग्यवतीने आजवर कुणाचा छदामही बुडवला नाही? किराणा रोख, वीजबिल मुदतीआधी, भिशीचा हप्ता एक तारखेला? अरेरे. कर्जफेडीची पत मोजणाऱ्या सिबिलचा स्कोअर 300 ते 900. ही त्या पट्टीवरच नाही. रिपोर्टात शेरा ‘एनएच’, म्हणजे नो हिस्ट्री. वीस वर्षं दहावीला इतिहास शिकवते हो ती!

तेव्हा आधी तिला उधारीची सवय लावा. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्यांची नोंद कुठेच होत नसते.

तुमच्या क्रेडिट कार्डावर तिला ॲड-ऑन, म्हणजे जोडकार्ड, काढून द्या. बिल ती भरेल, स्कोअर तुमचा वाढेल. संसाराची जुनीच रीत.

नाहीतर एफडीवरचं कार्ड घ्या. तिचे 25,000 बँकेत अडकवायचे, त्यावर बँक 20,000 चं लिमिट देणार. त्यातलेही 30 टक्क्यांच्या आत, म्हणजे 6,000 पर्यंतच वापरायचे आणि दर महिन्याला तारखेआधी पूर्ण फेडायचे. स्वतःचेच पैसे स्वतःलाच उसने देऊन ती प्रामाणिक असल्याचं सिद्ध करते. किती छान!

मग तिला घेऊन बँकेत जा. आम्ही गेल्या मंगळवारी गेलो. गोखले रोडला गाडी लावायला जागा शोधत तीन फेऱ्या, आत पाऊण तास. क्लासची बाकं आणि पंखे घ्यायला तिला 80,000 हवे होते. साहेबांनी तिची फाइल उघडली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडमची हिस्ट्रीच नाही. तुमच्या नावावर करू या ना, सर.” ती समोर बसलेली! सोळा वर्षांचं खातं त्याच शाखेत! हिस्ट्री नाही एवढ्याच कारणावरून पहिलं कर्ज नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलंय. अर्थ राज्यमंत्र्यांनी 2025 मध्ये ते लोकसभेत सांगितलं. मी हे म्हणालो, तर साहेब हसले. “सिस्टीम घेत नाही.” सिस्टीम! त्यांच्या एफडीच्या टार्गेटला तिचे पैसे कसे चालतात सिस्टीमला? तेव्हा नाही हिस्ट्री लागत!

आणि नवरेहो, तुम्ही दात काढू नका. घराच्या कर्जाला बायकोला सहअर्जदार केलं असतं, तर तिच्याही नावावर हप्त्यांची नोंद झाली असती. ‘तिला कशाला सहीचे हेलपाटे’ म्हणून मीच एकट्याच्या नावावर उरकलं. लाज वाटते आता. साहेबांनी नवा फॉर्म काढला, पेन माझ्याकडे सरकवलं, आणि तिने पर्स उचलली.