मेथोट्रेक्सेट बंद करायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार जणींनी पाठवला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: आमवातावर, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसवर, डॉक्टर मेथोट्रेक्सेट नावाचं कॅन्सरचं औषध देतात, त्यानं लिव्हर जातं, ते आजच बंद करा. त्याऐवजी हळद-मेथी-सुंठ घ्या, गुळवेलीनं प्रतिकारशक्ती वाढवा, तिळाच्या तेलानं सांधे चोळा, आंबट आणि डाळी सोडा. आयुर्वेदानं हा रोग 3 महिन्यांत मुळासकट जातो.

चौघींपैकी एकीनं खरंच गोळी थांबवलीय. मला स्वतःला हा आजार 11 वर्षं आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

‘कॅन्सरचं औषध’ हे अर्धं खरं आहे. मेथोट्रेक्सेट 1940 च्या दशकाच्या शेवटी रक्ताच्या कॅन्सरवरच्या संशोधनातून आलं, आणि ज्या अमेरिकी प्रयोगशाळेत ते तयार झालं तिथलं काम आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव पाहत होते. पण हाडाच्या कॅन्सरमध्ये ते एका वेळी काही ग्रॅम शिरेतून देतात, आणि आमवातात आठवड्यातून एकदा 7.5 ते 25 मिलिग्रॅम. शेकडो पटींचा फरक आहे हा. एवढ्याशा मात्रेत ते सांध्याच्या आतल्या अस्तरावर तुटून पडलेल्या पेशींना शांत करतं. अमेरिकेत आमवातासाठी त्याला 1988 मध्ये मान्यता मिळाली, आणि आजही उपचार बहुतेक ठिकाणी याच गोळीनं सुरू होतो.

या गोळीचा खरा धोका मेसेजमध्ये कुठेच नाही. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्तातल्या पेशी घटतात, तोंडात फोड येतात, जीवही जाऊ शकतो. माझ्या स्ट्रिपवर मी मार्करनं ‘रविवार’ लिहून ठेवते. तुमच्या घरात कुणी ही गोळी घेत असेल तर आज उठून एवढं नक्की करा. दिवस राहण्याचा विचार असेल तर ती आधी डॉक्टरांना विचारून बंद करावी लागते, तेही मेसेज सांगत नाही.

लिव्हरचं म्हणाल तर एन्झाइम्स वाढू शकतात. म्हणूनच सुरुवातीला काही आठवड्यांनी आणि पुढे साधारण 3 महिन्यांनी रक्त तपासतात, फॉलिक अॅसिड देतात, दारू वर्ज्य सांगतात. माझं एसजीपीटी, म्हणजे त्यांपैकीच एक एन्झाइम, एकदा वाढलं होतं. डॉक्टरांनी डोस कमी केला, दीड महिन्यात ते जागेवर आलं. जे मोजता येतं त्याला आवर घालता येतो.

आता गुळवेल. आमवातात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती आपल्याच सांध्यांवर उलटलेली असते. तिला आणखी चेव आणून काय साधणार? शिवाय 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं आहे. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षाला हरकत घेतली, तो वाद आहेच. पण लिव्हरची काळजी म्हणून मेथोट्रेक्सेट सोडायची आणि तपासणीविना गुळवेल घ्यायची, हे कुठलं शहाणपण?

हळद आमटीत घालायची ती घालाच. मात्र हळदीच्या पुडीत कर्क्युमिन, म्हणजे तिच्यातलं औषधी मानलं जाणारं द्रव्य, 3 टक्क्यांच्या आसपास असतं, आणि ते पोटातून रक्तात फारसं उतरतही नाही. 1 ग्रॅम कर्क्युमिनसाठी 30 ग्रॅमहून जास्त हळद रोज खावी लागेल. पुण्याच्या संधिवात तज्ज्ञांनी अश्वगंधा, शल्लकी, सुंठ आणि हळद यांचं मिश्रण 182 रुग्णांवर 16 आठवडे तपासलं, त्याचे निष्कर्ष 2000 साली छापून आले. औषध घेणाऱ्यांना बरं वाटलं, पण औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांनाही बरंच बरं वाटलं, आणि दोन्ही गटांतला फरक बहुतेक मोजमापांत ठाम म्हणण्याइतका निघाला नाही. ज्यांना आयुर्वेदाबद्दल आस्था होती त्यांनीच हे प्रामाणिकपणे छापलं, याचं मला मोल वाटतं.

आंबट आणि डाळींचा घोळ युरिक अॅसिडमुळे झालाय. तो गाऊट, वेगळा आजार. आमवातात डाळ सोडून हाती अशक्तपणाच येतो.

तेलाच्या मालिशीबद्दल तर मेसेज लिहिणाऱ्यानं आयुर्वेदही वाचलेला नाही. सांधे सुजलेले, गरम, आखडलेले असताना शरीरात ‘आम’, म्हणजे नीट न पचलेला चिकट अंश, असतो असं वैद्य मानतात आणि तेव्हा तेल टाळून वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक सांगतात. आमवाताचं सविस्तर वर्णन माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आहे. तिथेच म्हटलंय की एका दोषाचा आमवात साध्य, दोन दोषांचा याप्य म्हणजे आयुष्यभर सांभाळायचा, आणि सर्वांगाला सूज आणणारा तिन्ही दोषांचा कष्टसाध्य. ‘3 महिन्यांत मुळासकट’ हे त्या ग्रंथात नाही.

कोइमतूरला 43 रुग्णांवर आयुर्वेद, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र अशी 36 आठवड्यांची तुलना झाली, 2011 मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिन्ही गटांत सुधारणा साधारण सारखी दिसली. हे मी लपवणार नाही. पण तिथे प्रत्येक रुग्णाला तपासून वैद्यांनी औषध ठरवलं होतं, रक्ताच्या तपासण्या होत होत्या, आणि 43 माणसं म्हणजे फक्त सुरुवात. फॉरवर्ड वाचून घरी केलेल्या काढ्याला तो दाखला लागू होत नाही.

मग ‘माझी मावशी 3 महिन्यांत बरी झाली’ म्हणणारे खोटं बोलतात का? बहुतेक नाही. हा आजार भरती-ओहोटीसारखा चढतो-उतरतो. चढलेला असताना माणूस काहीतरी सुरू करतो, तो आपसूक उतरला की श्रेय काढ्याला जातं. आणि दुसरं कारण पुडी.

माझं पहिलं वर्ष पुडीत गेलं. सकाळी तास-दीड तास मूठ वळत नसे, नळ सोडायलाही कुणीतरी लागे. ओळखीतल्या एकानं बिनलेबलाची पुडी आणून दिली, ‘शुद्ध जडीबुटी’ म्हणून. तिसऱ्या दिवशी मी कणीक मळली आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. चार महिन्यांत चेहरा गोल झाला, साखर वाढली. एक दिवस पुडी संपली आणि मला अंथरुणातून उठता येईना. तपासणाऱ्या डॉक्टरांनी लक्षणं पाहूनच सांगितलं, यात स्टेरॉइड असणार. 1948 मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं तेव्हाही खिळलेली रुग्ण काही दिवसांत चालू लागली होती. 1950 चं नोबेल त्यासाठीच मिळालं, आणि दुष्परिणामही लवकरच कळले. डॉक्टर आजही स्टेरॉइड देतात, पण मोजून, थोडे दिवस, उतरत्या मात्रेत. पुडीनं माझी वेदना झाकली, आतली झीज चालूच राहिली. एक्स-रेत हाडांच्या कडा खाल्लेल्या दिसल्या. उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत. सुरुवातीचे महिने या आजारात सगळ्यात मोलाचे असतात, आणि गेलेलं हाड कुठलंच औषध परत आणत नाही.

गोळीसोबत मीही पुष्कळ काही करते. गरम मेणात हात बुडवते, फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले व्यायाम करते, सोसतील तेवढी आसनं करते. एक वैद्यबाईही आहेत. त्या माझे रिपोर्ट बघतात, आणि त्यांनी दिलेलं औषध माझ्या डॉक्टरांना ठाऊक असतं.

गोळी थांबवलेल्या मैत्रिणीला एवढंच सांगते: राहिलेल्या डोसांची भरपाई म्हणून दोन-दोन गोळ्या एकदम घेऊ नकोस. आधी डॉक्टरांना फोन कर, ते म्हणतील ते रक्त तपासून घे, मेसेजमधलं काय काय घेतलंस ते सगळं सांग, लाजू नकोस. सोबत कुणी हवं असेल तर मी येते.