फलाटावरचा फौजी खोटाच असतो, असे म्हणणाऱ्यांसाठी
"सैन्यातून आलेल्या प्रत्येकाला पेन्शन, कँटीन आणि मोफत औषधोपचार मिळतात, त्यामुळे भुसावळच्या फलाटावर निजणारा कोणी स्वतःला फौजी म्हणवत असेल तर तो तोतया तरी असतो किंवा दारुडा, आणि अशाला मदत करणे हा खऱ्या जवानांचा अपमान आहे," अशा आशयाचा मजकूर खान्देशातील गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांत पुढे पाठवला जातो. तो वाचून माणसे मदतीला जाता जाता थांबतात, म्हणून त्यातले एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

पेन्शनचे विधान सर्वांत चुकीचे आहे. अधिकारी नसलेल्या सैनिकाला सेवा-पेन्शनसाठी सामान्यतः १५ वर्षांची सेवा पूर्ण करावी लागते, त्यामुळे घरच्या अडचणीपायी बाराव्या वर्षी स्वतःहून नाव कापून आलेल्या जवानाला ती मिळत नाही. अशा ६५ वर्षांवरील, उत्पन्न नसलेल्या, हवालदार व त्याखालील हुद्द्याच्या माजी सैनिकांसाठी केंद्रीय सैनिक मंडळाचे अनुदान असून २०२५ मध्ये ते दरमहा ४,००० रुपयांवरून ८,००० रुपये करण्यात आले. पेन्शन सर्वांनाच असती तर त्याची गरजच पडली नसती. ज्याला पेन्शन आहे त्याचीही ती थांबू शकते, कारण दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि घर सुटलेल्या, मन थाऱ्यावर नसलेल्या माणसाच्या तो ध्यानातही राहत नाही. मात्र अशी थांबलेली पेन्शन बुडालेली नसते. दाखला दिला की ती थकबाकीसह पुन्हा सुरू होऊ शकते. त्यासाठी कोणीतरी त्याला हाताशी धरून बँकेपर्यंत नेले पाहिजे, आणि नेमके तेच हा मजकूर करू देत नाही.

तोतये असतात, हे मान्य आहे. पण पडताळणी अवघड नाही. डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळणारे सेवेचे नोंदपुस्तक) फलाटावर चोरीला गेले तरी सेवेची नोंद रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात राहते. मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावीत, महार रेजिमेंटची सागरमध्ये. सेवा क्रमांक आणि युनिट विचारावे. (फौजी घराचा पत्ता विसरेल, पण क्रमांक सहसा विसरत नाही.) ती माहिती घेऊन जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले की खरेखोटे ठरवण्याचा मार्ग सापडतो.

दारूचे म्हणाल, तर "आधी दारू सोड, मग छप्पर देऊ" हा क्रमच उलटा आहे. अमेरिकेत बेघर माजी सैनिकांना भाड्याचे साहाय्य आणि सोबत समाजसेवक व उपचार देणारी योजना आहे; तिच्यासारख्या प्रयत्नांमुळे तेथील बेघर माजी सैनिकांची एका रात्रीच्या गणनेतील संख्या २०१० मधील सुमारे ७४,००० वरून २०२४ मध्ये ३२,८८२ वर आली. तेथे घर हे बरे होण्याचे बक्षीस न मानता बरे होण्याची जागा मानले गेले.

अपमानाच्या विधानावर एवढेच सांगतो की घरपट्टीतील सवलत असो वा कँटीनचे कार्ड, माजी सैनिकांच्या बहुतेक सोयी घर, पत्ता आणि कागद असलेल्यालाच पोहोचतात. ज्याचा सातबारा भाऊबंदांच्या नावावर गेला आणि ज्याचे नाव शिधापत्रिकेवरून उडाले, त्याला गावात परत आणायचे तर आधी ही दोन कामे तलाठी आणि पुरवठा कार्यालयात मार्गी लावावी लागतील. मग त्याला कामही द्यावे: आपल्या गावांत भरतीची तयारी करणारी मुले पहाटे रस्त्यावर एकटीच धावत असतात, त्यांना कवायत शिकवणारा माणूस हवाच आहे.