स्वारी जेवत नाही

मराठी घरात एक वेळ उधारी बुडवणाऱ्याला माफी मिळेल, पण न जेवणाऱ्या पाहुण्याला नाही. "अर्धी पोळी तरी", "निदान भाताचं शीत तरी" असं करत आपण त्याला घायकुतीला आणतो. म्हणूनच मँटिस श्रिंप, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत पाळला जाणारा कोळंबीसारखा कवचधारी जीव, पाळणं आपल्याला जड जातं. वर्षातून तीन-चार वेळा ही स्वारी कडकडीत उपास धरते, बिळाची तोंडं खडे आणि शिंपल्यांचे तुकडे लावून बंद करते आणि यजमानाला काचेबाहेर ताटकळत ठेवते.

एरवी मात्र पंगत सांभाळावी तर हिचीच. आधी जात बघा. पुढचे पाय भाल्यासारखे असलेल्या भालेवाल्यांना मासे आणि कोळंबी लागते, ते हातोड्यासारखे असलेल्या हातोडेवाल्यांना कवचाचं फोडून खायला. मोरपंखी रंगाची ती प्रसिद्ध जात हातोडेवाली; तिचा ठोसा सेकंदाला वीस मीटरहून अधिक वेगानं बसतो. अशा पहिलवानाला रोज सोललेली फ्रीझरमधली कोळंबी घालणं म्हणजे रोज वडापाववर भागवणं. पोट भरतं, पोषण एकांगी होतं. मुंबईतल्या सिटीलाईटच्या मासळी बाजारातून जिवंत तिसऱ्या (शिंपल्या) आणाव्यात. टिचकी मारूनही तोंड मिटत नसेल ती तिसरी टाकून द्या. घरी आणून नळाखाली धरू नका, नळाच्या गोड्या पाण्यात त्या मरतात. टाकीतलंच काढलेलं खारं पाणी एका टबात घ्या, रात्रभर तिसऱ्यांना वाळू ओकू द्या आणि ते पाणी मोरीत ओता. आठवड्याला दोन-तीन जेवणं पुरेत. उष्टं दुसऱ्या सकाळपर्यंत काढायचं, नाहीतर अमोनिया चढतो. काढायचं लांब चिमट्यानं. बोटं आपल्याला अजून पुष्कळ कामाला लागणार आहेत.

तर उपास. रंग फिका पडला, समोर आलेली तिसरी ढकलून दिली, बिळाला दार लागलं, की समजायचं, कात टाकायची वेळ झाली. आणि नेमकं याच वेळी घरातल्या प्रत्येकाला वैद्यकी सुचते. कोणी टॉर्च मारतं, कोणी काचेवर टकटक करतं, कोणी आयोडीनची बाटली उपडी करायला निघतं. आयोडीन मोजल्याशिवाय थेंबभरही नको; पाणी वेळच्या वेळी बदललं तर बहुतेकदा त्याची गरज पडत नाही. माशांची तांबंयुक्त औषधं तर त्या टाकीच्या आसपासही नकोत. कवचधारी जिवांना ते विषच.

खरं काम पाण्यात आहे. खारटपणाचा आकडा (विशिष्ट गुरुत्व) 1.025, कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), तापमान 24 ते 27 अंश. पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून घटलेली पातळी आरओ-डीआयच्या, म्हणजे क्षार काढून शुद्ध केलेल्या गोड्या पाण्यानंच भरायची, खाऱ्या नव्हे. नाहीतर खारटपणा गुपचूप चढतो आणि ऐन कात टाकताना घात करतो. उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावून दोन-तीन अंश उतरवता येतात, पण जुलैच्या मुंबईत जिथे टॉवेल वाळत नाही तिथे टाकीचं पाणी काय उडणार? तेव्हा पाणी गार करणारं यंत्र, चिलरच हवा.

बीळही अंगाला बेतलेलं असावं. आत वळता येईल इतक्या रुंदीचा, दोन तोंडांचा पीव्हीसी पाईप खडकांखाली पुरून द्या. उघड्यावर, भगभगीत दिव्याखाली काढलेले दिवस तिला मानवत नाहीत. कात अर्ध्यात अडकली तर ओढायची नाही, अजिबात नाही. ओढलं की कातीबरोबर पायही येतो. हातोडा गमावला असेल तर पुढच्या दोन-तीन कातींत नवा फुटतो, त्याची घाई आपण करायची नाही.

मग एका सकाळी दाराशी अख्खी स्वारी आडवी पडलेली दिसते, डोळ्यांसकट. रडारड नको, ती कात आहे. तशीच राहू द्या, पुष्कळदा स्वारी ती स्वतःच खाते. नवं कवच मऊ असतं, हातोडे कच्चे, त्यामुळे आठवडाभर तरी तिसरी दाखवायचीसुद्धा नाही. सुरुवात सोललेल्या कोळंबीच्या नखाएवढ्या तुकड्यानं करा. नाकारला तर उचला, दोन दिवसांनी पुन्हा विचारा, आणि "निदान चव तरी बघ" हे ओठावर आलेलं गिळून टाका.

त्यानंतर कधीतरी भर दुपारी पहिली तिसरी फुटते. टक. खालच्या मजल्यावरून इंटरकॉम वाजतो, की सोसायटीत दोन ते चार ठोकाठोक बंद आहे.